टेबलावरचा सूत्रधार संगणकात कुठे जातो?

[पडद्यावर: वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडत थांबतो.]

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, टेबलाभोवती बसून बोलत-बोलत खेळायचा खेळ पाळीपाळीने चालणाऱ्या संगणकीय खेळात कसा उतरवतात, हा आजचा विषय आहे. नियमांची जाडजूड पुस्तके संगणकाला शिकवणे हेच यातले खरे कठीण काम असावे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. बेरीज, वजाबाकी आणि फासे यांत संगणक माणसापेक्षा केव्हाही तरबेज असतो; त्याला जमत नाही ते पुस्तकात न लिहिलेल्या प्रसंगी निर्णय देणे, आणि टेबलावर हे काम करणारा माणूस तर रूपांतर होताना सर्वांत आधी गळून पडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतो; डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार, भोवतालचे जग, त्यातली माणसे आणि राक्षस सांभाळतो; आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकला जातो. लढाई सुरू झाली की सर्वांच्या पाळ्या ठरतात. या खेळाची मुळे छोट्या प्रतिमा पटावर मांडून खेळायच्या युद्धखेळांत असल्यामुळे पाळी ही गोष्ट त्याच्या अंगातच मुरलेली आहे.

म्हणूनच १९८८ साली आलेला ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा संगणकीय खेळ स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या युद्धखेळ बनवणाऱ्या कंपनीने तयार केला, यात मला मोठे औचित्य दिसते. लढाई सुरू होताच पडद्यावर चौकटींचा पट उघडत असे. साथीदार शत्रूच्या समोर उभा असेल तर चोराला पाठीमागून वार करता येत असे. आणि टेबलावर प्रत्येकाला डोके खाजवायला लावणारी, चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक अशी उलटी गणिते संगणक विनातक्रार करत असे. मात्र कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती संगणकाच्या फ्लॉपीत सूत्रधाराचे वर्णन मावत नव्हते. त्यामुळे खेळाच्या खोक्यात एक छापील पुस्तिका दिलेली होती आणि महत्त्वाच्या प्रसंगी पडदा सांगत असे की पुस्तिकेतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. कुणी सगळ्या नोंदी आधीच वाचून काढील, हे ओळखून तिच्यात काही खोट्या गोष्टीही पेरलेल्या होत्या. सूत्रधाराचा आवाज संगणकाबाहेर, कागदावर ठेवण्याचा हा मार्ग नाइलाजाने काढलेला असला तरी फार हुशारीचा होता.

[पडद्यावर: ‘द टेम्पल ऑफ एलेमेंटल ईव्हिल’मधील वर्तुळाकार मेनू.]

नियमांशी निष्ठा या एकाच कसोटीवर पाहायचे झाले, तर ट्रॉयका गेम्सने २००३ साली आणलेला ‘द टेम्पल ऑफ एलेमेंटल ईव्हिल’ हा खेळ अभ्यासण्यासारखा आहे. गायगॅक्स आणि फ्रँक मेंट्झर यांनी लिहिलेले, १९८५ साली पुस्तकरूपाने आलेले साहस त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीच्या नियमांसह उतरवलेले होते. शत्रूच्या टप्प्यातून निघून जाणाऱ्यावर होणारा फुकटचा वार, पाच फुटांचे सावध पाऊल, ‘शत्रू जवळ आला तर मी वार करीन’ अशी राखून ठेवलेली कृती, हे सारे त्या वर्तुळाकार मेनूत सापडते. प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात तांत्रिक चुका पुष्कळ होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच नंतर चाहत्यांनीच दुरुस्त केल्या. पण चुका बाजूला ठेवल्या, तरी लढाई संपून गावकऱ्यांशी बोलायची वेळ आली की हे जग एकदम मुके वाटू लागते. नियम जवळपास पूर्ण आले. ते चालवणाऱ्याची कल्पकता आली नाही.

ही कल्पकता म्हणजे नेमके काय, हे ‘ग्रीस’ या पहिल्या पातळीच्या मंत्रावरून दाखवता येईल. या मंत्राने जमिनीच्या एका तुकड्यावर निसरडे वंगण पसरते आणि त्यावरून जाणारे घसरून पडतात. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत मंत्राचे वर्णन एवढ्यावरच थांबते. ते वंगण पेटते का, हा प्रश्न पुस्तकाने अनुत्तरित ठेवला आणि जगभरच्या टेबलांवर त्यावरून वाद झाले, कारण समोर घसरून पडलेले पाच गॉब्लिन आणि हातात पेटती मशाल असताना हा प्रश्न कोणताही खेळाडू विचारणारच. एखादा सूत्रधार हो म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, तिसरा ‘या एका वेळेपुरते पेटेल’ असे म्हणून हसेल. संगणकाला असे रेंगाळता येत नाही. त्याला उत्तर आधीच द्यावे लागते आणि ते प्रत्येक खेळाडूसाठी, प्रत्येक वेळी तेच राहते. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ‘बाल्डर्स गेट ३’ या पाचव्या आवृत्तीवर बेतलेल्या संगणकीय खेळात वंगण पेटते असे ठरवले. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकाने मात्र ते न पेटणारे वंगण आहे असे स्पष्टच लिहून टाकले.

मला लॅरियनचा निर्णय अधिक योग्य वाटतो. आपल्या आधीच्या ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ या खेळापासून या कंपनीने एक पद्धत बसवली होती, ती अशी की तेल पेटते, पाण्यातून वीज वाहते आणि या गोष्टी कोणी सांडल्या याच्याशी जगाला देणेघेणे नसते. टेबलावरचा खेळाडू सूत्रधाराला जे प्रश्न विचारतो, त्यांतले बरेचसे भौतिक स्वरूपाचे असतात: हे पेटेल का, त्याला कड्यावरून ढकलता येईल का, खोकी रचून भिंत ओलांडता येईल का. या प्रश्नांची उत्तरे एकेका प्रसंगासाठी न लिहिता जगाच्या गुणधर्मांत घातली, तर खेळ बनवणाऱ्याच्या मनात न आलेल्या युक्तीलाही जगाकडून उत्तर मिळते. याच दृष्टीने लॅरियनने काही नियम खुशाल मोडले आहेत. टेबलावर शत्रूला ढकलायला आपल्या हल्ल्यांतला एक खर्ची घालावा लागतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये त्याला केवळ बोनस कृती, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीखेरीज मिळणारी छोटी जादा कृती, पुरते, म्हणून तिथे कड्याच्या काठावर उभे राहण्याचे धाडस जाणता खेळाडू सहसा करत नाही.

याउलट, पुस्तकात अगदी नेमके लिहिलेले असूनही संगणकाला जड जाणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती, जिला रिॲक्शन म्हणतात. समजा, राक्षसाचा वार जादूगाराला लागला. ‘शील्ड’ हा मंत्र त्याच क्षणी टाकून जादूगार आपले संरक्षण पाचाने वाढवू शकतो आणि लागलेला वार हुकवू शकतो. टेबलावर खेळाडू नुसते ‘थांबा’ म्हणतो आणि सारे थांबतात. संगणकाला मात्र अशा प्रत्येक शक्यतेपाशी स्वतःच थांबून विचारावे लागते आणि प्रत्येक वाराला खिडकी उघडली, तर लढाईची लय पार मोडते. ‘बाल्डर्स गेट ३’ २०२० साली अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला तेव्हा रिॲक्शन आधीच चालू किंवा बंद करून ठेवायच्या आणि बाकीचे संगणकावर सोडायचे, अशी सोय होती. त्यात मंत्र आपण न ठरवता खर्ची पडत. २०२३ च्या पूर्ण खेळात विचारणारी खिडकी आली आणि कोणत्या रिॲक्शनसाठी विचारायचे ते खेळाडूला ठरवता येऊ लागले. ‘सोलास्टा’ या २०२१ सालच्या, पॅरिसमधील छोट्या कंपनीने केलेल्या खेळाने पूर्ण प्रकाशनाच्या वेळीच विचारण्याचा मार्ग धरलेला होता, आणि पाचव्या आवृत्तीचे नियम शिकण्यासाठी मी आजही आधी त्याचेच नाव सुचवतो.

पाळी न मानणारा मार्गही होता, तो इथे ओझरता सांगतो. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये घड्याळ अखंड चालते, सहा सेकंदांचे डाव त्यामागे लपलेले असतात आणि खेळाडू हवे तेव्हा खेळ थांबवून हुकूम देतो. ‘पाथफाइंडर : किंगमेकर’ २०१८ साली याच वाटेने गेला, पण आधी एका चाहत्याने पाळीची पद्धत त्यात बसवून दाखवली आणि २०२० मध्ये कंपनीनेही ती अधिकृतपणे दिली. पात्रांच्या क्षमता शेकड्यांनी वाढल्या की लोकांना विचार करायला उसंत हवी असते, असा मी याचा अर्थ लावतो.

[पडद्यावर: संभाषणात पडलेला फासा, शेजारी गाठायचा आकडा.]

आता फाशांकडे वळू. लागण्याची शक्यता ६५ टक्के असताना सलग तीन वार हुकण्याचा संभव सुमारे ४ टक्के असतो. लांब लढाईत हे हमखास कधीतरी घडते आणि तेव्हा माणूस दैवाला बोल लावण्याऐवजी यंत्रावर लबाडीचा आरोप करतो. टेबलावर फासा सर्वांसमोर पडतो, शिवाय पडद्याआड फासा टाकणारा कनवाळू सूत्रधार एखादा आकडा गुपचूप बदलतोही. त्याच्या या कनवाळूपणाची जागा ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ‘कार्मिक डाइस’ या पर्यायाने घेतली आहे: तो चालू असताना अपयशाची लांब मालिका तोडली जाते. मला तो बंद ठेवून खेळायला आवडते, पण तो असण्याला माझी हरकत नाही. अधिक गंभीर अडचण आहे ती आधीचा साठवलेला खेळ पुन्हा उघडण्याची, कारण पडलेला फासा परत टाकता आला की अपयशाचे वजनच उरत नाही. २०२३ च्या अखेरीस ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये आलेल्या ऑनर मोड या खेळण्याच्या कठीण प्रकाराने एकच साठवण ठेवून ही पळवाट जवळपास बंद केली, आणि संभाषणातला एकेक फासा मनावर घ्यावा असा झाला.

भौतिक प्रश्न जगाच्या गुणधर्मांत घालता येतात. भाषेतले आणि कल्पनेतले प्रश्न तसे घालता येत नाहीत. ‘मायनर इल्यूजन’ या मंत्राने टेबलावरचा खेळाडू पाच फुटांच्या घनात मावेल अशी कोणतीही वस्तू भासवू शकतो: पेटी, खडक, बंद दार. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तो फक्त एक मांजर दाखवतो, जिच्याकडे पहारेकरी वळून पाहतात. मृताशी बोलण्याच्या मंत्रात टेबलावर प्रश्न आपले असतात आणि उत्तरे सूत्रधार तिथेच रचतो. लॅरियनने ठरावीक प्रेतांसाठी ठरावीक प्रश्नोत्तरे लिहून ध्वनिमुद्रित केली. मात्र ज्याने मारले त्याच्याशी मृत बोलत नाही आणि वेषांतर करून गेल्यास बोलतो, इतका बारकावा त्यांनी राखला. हा खेळ पात्रांना बाराव्या पातळीवर थांबवतो. तेराव्या पातळीला क्षणात दुसऱ्या नगरात किंवा दुसऱ्या लोकात नेणारे मंत्र हाती येतात, आणि ते दिले तर खेळाडू कुठेही जाईल तिथे जग तयार असावे लागते.

मोठ्या पातळ्यांचा हा प्रश्न बायोवेअरने २००१ साली ‘बाल्डर्स गेट २’च्या ‘थ्रोन ऑफ बाल’ या विस्तारात एका मजेदार रीतीने हाताळला होता. ‘विश’ या सर्वोच्च मंत्राने टेबलावर काहीही मागता येते आणि त्या मागणीचा अर्थ, अनेकदा खट्याळपणे, सूत्रधार लावतो. संगणकावर तो मंत्र टाकला की एक जिन प्रकट होतो आणि मागता येतील अशा इच्छांची यादी पुढे करतो, ज्यातून एकच निवडायची असते. मंत्र टाकणाऱ्याचे शहाणपण कमी असेल, तर त्या यादीत पदरी घ्यावे असे फारसे काही नसते.