जू तसंच, गाड्या मोकळ्या

श्रोतेहो, नमस्कार. सकाळचा चहा अजून चुलीवर असेल तर असू द्या. आज त्या भांड्यातल्या आधणाबद्दलच बोलायचंय.

सांगलीत मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. उत्तरपत्रिकांत एक वाक्य हटकून सापडायचं, 'पाणी उकळलं की त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो.' मी समासात लाल पेनानं लिहायचो, 'मग तुझ्या आईचं स्वयंपाकघर अजून जागेवर कसं?' हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण आणि शेजारी पेटलेली शेगडी! घरोघरी धडाका उडाला असता.

पोरांचा दोष नाही. पुस्तकात दोन गोष्टी दोन धड्यांत असतात आणि डोक्यात त्यांची सरमिसळ होते. रेणूच्या आत अणूंना धरून ठेवतो तो सहसंयुज बंध. एका रेणूला शेजारच्या रेणूकडे ओढतं ते आंतररेण्वीय बल.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढं, म्हणजे ऊस टाकतात तिथं, लागलेली बैलगाड्यांची रांग आठवा. प्रत्येक गाडीचे बैल जुवाला जुंपलेले. शिवाय मागच्या गाडीचा बैल पुढच्या गाडीच्या मोळीतलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ओढतोय, म्हणून त्याचा पाय तिथून हलत नाही. जू म्हणजे सहसंयुज बंध, वाड्याची ओढ म्हणजे आंतररेण्वीय बल. उकळणं म्हणजे रांग मोडून गाड्या मोकळ्या होणं. जू कुणी सोडत नाही. वाफेतही पाणी पाणीच असतं. म्हणून उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, ठरतो तो जुवाच्या बळकटीवर नाही, वाड्याच्या ओढीवर.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खालीच गंधक बसलंय. त्याचा हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा, पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. जड रेणू उशिरा उकळावा, हा साधा अंदाज. पण तो उणे ६० अंशालाच उकळतो आणि पाणी १०० अंशाला! कारण पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून घेतो, हायड्रोजन उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला चिकटू बघतो. हा हायड्रोजन बंध. सहसंयुज बंधाच्या तुलनेत त्याची ताकद विसाव्या हिश्शाच्या आसपास, पण ती नसती तर आयर्विन पुलाखालून पाणी वाहिलंच नसतं. कृष्णामाई हवेत असती.

याहून झकास दाखला आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत आहे. मळीपासून तिथे इथेनॉल काढतात. त्याच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. नेमके हेच अणू, तेवढेच, वेगळे जोडले की डायमिथाइल ईथर होतो. वजनात काडीचा फरक नाही. पण इथेनॉल ७८ अंशाला उकळतं आणि ईथर उणे २४ ला. इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला असतो. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये अडकलेला, त्याच्याकडे असा हायड्रोजनच नाही. तेवढ्यानं शंभर अंशांची तफावत पडते. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचाही मान वर करायचा. (त्याला डिस्टिलरीत रस असायचा, ते सोडा.)

हायड्रोजन बंध नसला तरी थोडी ओढ असतेच. रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात आणि शेजारच्यालाही झुकवतात. त्यात आकाराला महत्त्व येतं. सरळ ऊस मोळीत घट्ट बसतो, बाभळीच्या फांद्या बसत नाहीत. सरळ साखळीचा पेंटेन ३६ अंशाला उकळतो, तेच अणू गोळामोळा रचले की साडेनऊलाच.

आता शेवटी साखर. तीही सहसंयुजच. मग उकळती साखर कुणी पाहिलीय? तिच्या एका रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात. एकेक रेणू शेजाऱ्यांना असा गच्च धरतो की तापवत गेलं तर गाड्या सुटायच्या आधी जूच मोडतं. साखर तांबूस होते, काळवंडते, धूर निघतो. वाफ होते ती तुटलेल्या तुकड्यांची.

गुळव्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. काहिलीतला रस १०० अंशांच्या जरा वर उकळायला लागतो, पाणी उडेल तसं तापमान चढत ११८ च्या आसपास जातं. उरलेल्या पाण्यालाही साखर सहजी सोडत नाही. थर्मामीटर नसतो. तो गार पाण्यात थोडा पाक सोडतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि ओरडतो, 'काहील उतरवा रे!' अजून थोडा वेळ गेला तर खाली जू मोडायला लागणार, हे त्याच्या नाकाला कळलेलं असतं.