वहीत खेळायचा खेळ

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सूर्य मावळला तरी बाहेर झळा आहेत, आणि अशा उन्हाळ्यात तुम्ही कम्प्युटर गेमवरच्या व्याख्यानाला आलात, त्याबद्दल आधी आभार. मागच्या रांगेतल्या पोरांना वाटत असणार, हा माणूस आता ‘जुनं ते सोनं’ म्हणत तासभर घेणार. पुढच्या रांगेतल्या काकांना वाटत असणार, या वयात गेम? दोघांनाही सांगतो, मी आठवणींचं गाठोडं सोडायला आलेलो नाही. ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो १९८५ साली अमेरिकेत ॲपल टू कम्प्युटरवर आला. तेव्हा आमच्या पूर्व भागात घराघरांत मागाची खडखड होती आणि कम्प्युटर मी चित्रातही पाहिला नव्हता. म्हणजे लहानपणी खेळलो म्हणून आवडतो, हे कारण इथं लागूच पडत नाही. मी तो चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा खेळलो. जेवणं झाल्यावर वही-पेन घेऊन बसायला लागलो, तर घरच्यांना वाटलं हिशेबाचं काम घरी आणलंय.

खेळाचं नाव ‘अल्टिमा फोर : क्वेस्ट ऑफ द अवतार’. करणारा रिचर्ड गॅरियट. त्याचे वडील नासाचे अंतराळवीर, आणि हा स्वतःही २००८ साली पदरचे पैसे भरून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. पण ते राहू द्या. या मालिकेचे आधीचे तीन भाग रिवाजाप्रमाणे होते : एक दुष्ट जादूगार, मग त्याची शिष्या, मग त्या दोघांचं अपत्य. तिघांनाही शोधून संपवायचं. तिसऱ्या भागानंतर गॅरियटकडे खेळणाऱ्यांची पत्रं यायला लागली. त्यातून त्याला कळलं, की लोक जग वाचवायला निघतात आणि वाटेत दुकानं लुटतात, गावकऱ्यांना मारतात, कारण तोच जवळचा रस्ता. नायक म्हणवून घेणारे सगळे दरोडेखोर! मग चौथ्या भागात त्यानं खलनायकच काढून टाकला. हरवायला कुणी नाही. तुम्ही स्वतः चांगला माणूस व्हायचं, एवढंच काम. आपल्याकडची अवतारकल्पना त्याच्या कानावर आली होती, ती त्यानं यात घेतली. खेळात आठ सद्गुण आहेत : सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इमान, अध्यात्म आणि नम्रता. प्रत्येकाचं एक देऊळ, प्रत्येकाचा एक मंत्र. एका देवळाचा मंत्र चक्क ‘ओम’ आहे. बाकीचे सात कुठल्या शास्त्रात बसतात ते मला विचारू नका.

आता हा खेळ दिसतो कसा? पोरांनो, हसू नका. सगळं जग चौकोनांचं. नकाशा २५६ चौकोन रुंद, २५६ चौकोन उंच. एक चौकोन म्हणजे झाड, एक म्हणजे पाणी, एक म्हणजे तुम्ही. मी चादरीच्या डिझाइनचं काम करतो, त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही. जेकार्डसाठी, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, नक्षी काढताना आम्हीही आलेखाच्या कागदावर चौकोन भरतो. मोराची मान गोल काढायची तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच येते, आणि चादर अंगावर घेणाऱ्याला मात्र मोर दिसतो. तसंच इथं. चार हिरवे ठिपके पुरतात, जंगल आपण आपल्या डोक्यात वाढवतो.

पण चित्रांसाठी कुणी हा खेळ आज खेळणार नाही. मुद्दा वहीचा आहे.

आमच्या स्टुडिओत एक पोरगा आहे, कम्प्युटरवर डिझाइन करतो, हाताचा वाकबगार. त्याला मी हा खेळ लावून दिला. दोन मिनिटं इकडून तिकडं फिरला आणि शेजारच्याला म्हणाला, “बाण कुठाय बे?” त्याचं खरं होतं. आजच्या खेळात कुठं जायचं तो बाण वर तरंगत असतो, कुणाशी बोलायचं त्याच्या डोक्यावर खूण असते, आणि कामांची यादी खेळच ठेवतो. इथं काही नाही. समोर एक माणूस उभा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे टाइप करायचं : नाव? काम? तब्येत? एवढं कुणालाही विचारता येतं. त्याच्या उत्तरात एखादा शब्द वेगळा वाटला, तर तोच शब्द पुन्हा टाइप करायचा. शब्दाची पहिली चार अक्षरंच खेळ बघतो, त्यामुळे पुढं स्पेलिंग चुकलं तरी चालतं. पण कोणता शब्द विचारायचा, ते कुणी सांगत नाही. बऱ्याचदा तो शब्द दुसऱ्याच गावातल्या माणसाकडून कळतो. एकजण म्हणतो, अमुक गावात तमुक बाईला अमुक गोष्टीबद्दल विचार. तुम्ही लिहून घेतलं नाही, तर ते गेलं. खेळ पुन्हा आठवण करून देणार नाही.

एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे कळेल. जादूच्या मोठ्या मंत्रांना (देवळांचे मंत्र वेगळे) मँड्रेक नावाची मुळी लागते. ती दुकानात मिळत नाही. मिळते ठरावीक दलदलीच्या जागी, आणि तीही फक्त एका वेळी. या जगाला दोन चंद्र आहेत आणि त्यांच्या कला पडद्याच्या वरच्या बाजूला दिसत राहतात. दोन्ही चंद्रांची अमावस्या एकदम आली, की त्या क्षणी त्या चौकोनावर उभं राहून शोधायचं. जागा सांगितलेली असते अक्षांश-रेखांशात, आणि ते आकड्यांत नाहीत, अक्षरांत आहेत. आपण कुठं उभे आहोत हे कळायला सेक्स्टंट हवा, जुने दर्यावर्दी वापरायचे ते यंत्र. तो दुकानात आहे, पण दुकानाच्या यादीत नाही! यादीत ए, बी, सी असे तीनच जिन्नस. ‘डी’ माग, असं कुणीतरी कुठंतरी बोलून गेलेलं असतं. मग तुम्ही त्या दुकानात येता, तीन जिन्नसांच्या यादीसमोर डी दाबता, आणि दुकानदार नऊशे मोहरा सांगतो.

मंडळी, तो डी दाबताना जी मजा येते ती मला शेकडो गिगाबाइटच्या खेळात आलेली नाही. का, तर ती माहिती माझी होती. मी ऐकली, मी लिहिली, मी तिचा मेळ घातला. माझ्या वहीच्या त्या पानावर शाईचे तीन रंग आहेत, कारण ते पान तीन वेगवेगळ्या रात्री भरलंय. वरच्या कोपऱ्यात चंद्राच्या कलांची आकृती, खाली एका भिकाऱ्याचं वाक्य, आणि मध्ये मोठ्या अक्षरात ‘डी?’. निम्मा खेळ त्या पानावर झाला. पडद्यावर झाला तो बाकीचा.

खेळाची दुसरी खुबी मला त्याहून मोठी वाटते. तो तुमच्यावर नजर ठेवतो आणि बोलत नाही. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. तुम्ही माल घेता, ती रक्कम सांगते, आणि पैसे किती ठेवायचे ते तुम्ही टाइप करायचं. एक मोहर ठेवली तरी चालतं. ती ओरडत नाही, शिपाई येत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. आमच्या त्या पोरानं एकेक मोहर ठेवून पोतंभर माल उचलला आणि मला शिकवायला लागला, की काका, असं करायचं असतं. पुढं राजवाड्यात एक द्रष्टा बसलेला असतो, त्याला एकेका सद्गुणाबद्दल विचारता येतं. पोरानं सचोटीबद्दल विचारलं. जे उत्तर आलं त्यावर तो बराच वेळ पडद्याकडं बघत बसला. मग म्हणाला, “ह्याला कसं कळलं?” आकडे आत सारखे चालू असतात, तुम्हाला मात्र फक्त त्या द्रष्ट्याचं मोघम बोलणं ऐकायला मिळतं. आजच्या खेळांत पाप-पुण्याची पट्टी कोपऱ्यात लटकवलेली असते. पट्टी दिसली की आपण पट्टीशी खेळतो. ती लपवून ठेवली, म्हणून तो पोरगा पुढच्या खेपेला त्या बाईला पुरे पैसे द्यायला लागला, आणि घाबरून दिले की मनापासून, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना.

अर्थात मी काही आरती करायला उभा नाही. या पुण्याचा हिशेब फारच बाळबोध आहे. भिकाऱ्याला थोडं थांबून थांबून एकेक मोहर देत राहिलं तरी करुणा वाढते, हे एकदा लक्षात आलं की तिचा कारखाना घालता येतो. लढायांबद्दल तर बोलायलाच नको. चार पावलं गेलं की पुन्हा तेच राक्षस, तेच दणके. पुढं तुम्ही धरून आठजणं असतात आणि प्रत्येकाला हाताने हलवावं लागतं. मंत्रासाठी जडीबुटी एकेक करून मिसळावी लागते. हा भाग कंटाळवाणा आहे, १९८५ सालीही असणार. जुन्या खेळाची प्रत्येक गैरसोय म्हणजे काही शहाणपण नव्हे. वही हवीशी वाटते, कारण त्यात आपलं डोकं लागतं. शंभरावा राक्षस मारताना ते लागत नाही. कुणी तुम्हाला सांगेल, की कष्ट झाले म्हणूनच आनंद मिळतो, तर त्याला आमच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला पाठवा.

गेल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, की नेटवर सगळी उत्तरं आहेत, मग वही कशाला? आहेत, दोन मिनिटांत मिळतात. खेळाचा शेवटचा शब्दसुद्धा मिळतो. मी अडलो तेव्हा बघितलीही आहेत, नाही असं नाही. पण उत्तर बघून पुढं गेलो तो भाग मला आज आठवत नाही, आणि वहीतला भाग झोपेतून उठवलं तरी सांगेन. ज्याचं त्यानं ठरवावं.

आता ज्यांना घरी खेळून बघायचंय त्यांच्यासाठी. गॉग या संकेतस्थळावर हा खेळ फुकट मिळतो. आजच्या विंडोजला डॉस या जुन्या प्रणालीसाठीची १९८७ सालची आवृत्ती कळत नाही, म्हणून मध्ये डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम लागतो. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये जुना कम्प्युटर उभा करतो आणि खेळासोबतच येतो. त्या डॉस आवृत्तीत संगीत नाही, तेव्हा स्पीकर बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. मूळ खोक्यात कापडावर छापलेला नकाशा होता, दोन पुस्तकं होती, धातूचं एक छोटं चिन्ह होतं. तुम्हाला पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतील. ती आधी वाचा, ती खेळाचाच भाग आहेत. नकाशा छापून भिंतीला लावा. कापडावर छापून हवा असेल तर आपण सोलापुरात राहतो, सोय होईल.

सुरुवातीला एक जिप्सी बाई पत्ते मांडून प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांची जुंपलेली असते, करुणा की न्याय असं, आणि एकच निवडायचा. उत्तरांवरून तुमचा धंदा ठरतो : योद्धा, गवई, वैदू, जे असेल ते. शौर्य निवडून योद्धा व्हायची घाई करू नका, जे वाटतं तेच उत्तर द्या. नम्रता निवडत गेलात तर मेंढपाळ व्हाल. हातात जवळजवळ काही नसेल, आणि सुरुवात एका उजाड झालेल्या शहराजवळून होईल. अवघड आहे, पण मला सगळ्यात आवडलेली वाट तीच.

आणि एक. खेळ जतन करायची कळ ‘क्यू’ आहे, पण ती गावात चालत नाही. गावातली सगळी बोलणी उरकली की आधी वेशीबाहेर या, क्यू दाबा, मगच पुढं चला. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीतच आहे.