भरतीच्या वेळी या

(दृश्य: ठाणे खाडी, नेरुळची बाजू. ओहोटी. लांबवर चिखल, त्यावर ठिपके.)

हे ठिपके म्हणजे उत्तरेकडून आलेले किनारपक्षी. दुर्बीण लावली तरी ठिपकेच दिसतात, कारण ओहोटीला पाणी पार मागे जातं आणि पक्षी त्याच्या मागोमाग जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुट्टीच्या सकाळी हौसेनं आलेली मंडळी एवढंच बघतात आणि ‘यंदा काही नाही’ म्हणत घरी जातात. पक्षी आहेत, वेळ चुकली.

(दृश्य: दिवाळे गावची जेटी, होड्या, सुकत घातलेली जाळी.)

वेळ कशी काढायची ते इथल्या कोळ्यांना विचारावं. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. पूर्ण भरतीचा तास हातात. अष्टमीला सहा. त्रयोदशीला पावणेदहा. पुनवेला नि अवसेला सव्वाअकराच्या पुढे. मिनिटामिनिटाचा हिशोब नाही हा, पण होडी काढायला पुरतो आणि पक्षी बघायलाही.

अष्टमीच्या आसपास भांग असतं. पाणी अर्धवट चढून माघारी फिरतं, चिखलाचा पट्टा उघडाच राहतो, पक्षी खाडीतच थांबतात. त्यांना काठावर आणायचं तर उधाण हवं, म्हणजे पुनवे-अवसेच्या आसपासची मोठी भरती. पण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती येते ऐन दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात. तापलेल्या हवेनं स्कोपमधलं, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतलं, चित्र नुसतं थरथरत राहतं, चोच कुठली आणि पाय कुठले कळत नाही. म्हणून जाणकार त्रयोदशी धरतात: पाणी पुरेसं, ऊन बेताचं.

(दृश्य: पाणी चढतं आहे. चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो.)

आठ वाजून गेलेत. पाणी आवाज न करता येतं. काळ्या शेपटीचे पाणटिवळे पोटापर्यंत बुडालेत, तरी चोच खाली आणि खाणं चालू. लांब पायांचा फायदा. छोटे टिलवे चिमणीएवढे. त्यांचे पाय केव्हाच संपले. पहिले तेच उठणार.

(दृश्य: थवा उठतो. निवेदन थांबतं. फक्त पंखांचा आवाज.)

खारफुटीवरून एक वळसा, आणि सगळे उतरले ते सीवूड्सच्या टॉवरांच्या पायाशी, या उथळ तळ्यात. यातले बहुतेक जण तरंगत नाहीत आणि झाडावर बसत नाहीत. पाणी ओसरेपर्यंतचे काही तास त्यांना घोट्याएवढ्या पाण्याची, उघडी, शांत जागा लागते. समोरच्या काठाचा खाडीपट्टा, जवळपास 1,690 हेक्टर, 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. 2022 मध्ये तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हे तळं त्या हद्दीत येत नाही. थोडक्यात, ताट अभयारण्यात आणि अंथरूण हद्दीबाहेर.

आणि दुर्मीळ पक्षी सापडतो तो अंथरुणावरच. खाडीत थवे पांगलेले असतात. इथे सगळे एकमेकांना खेटून, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. मग एका टोकापासून एकेक पक्षी तपासत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. टिलवा, टिलवा, टिलवा, चिखल्या, टिलवा…

(दृश्य: स्कोपमधून. मध्यभागी लांब, वाकड्या चोचीचा पक्षी.)

ही बाकचोच तुतारी. सायबेरियाच्या अतिउत्तरेकडच्या टुंड्रात घरटं करते. छातीवर अजून विटकरी डाग उरलेत, म्हणजे वयात आलेली. वयात आलेल्या तुताऱ्या आधी निघतात. पिल्लं मागाहून येतात, आईबापांशिवाय, वाट कुणी दाखवलेली नसताना. 2024 मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं, हिला धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात टाकलं.

(दृश्य: कॅमेरा हळू डावीकडे सरकतो. थांबतो.)

आणि हिच्या मागे, अर्धी झाकलेली… थांबा, वळू दे. टिलव्यापेक्षा जराशी मोठी. चोच जवळजवळ सरळ, टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी. आता डोळ्यावर बघा: पांढरी भुवई एकावर एक, दोन. रुंद चोचीची तुतारी. उत्तर स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियाच्या दलदलीतून आलेली. या खाडीला ती नवी नाही, पण येते थोडी, आणि येते ती अशी, टिलव्यांच्या गर्दीत.

थवा उडाला की फोटो झकास येतो, म्हणून टाळ्या वाजवणारे आणि ड्रोन सोडणारे महाभाग इथे आहेत. मघाशी तुम्ही पाहिलेला थवा पाण्यानं उठवला होता.

(दृश्य: बांधाखालचा पाइप. तोंडाशी निवटी.)

तळ्यात भरती येते ती एवढ्याशा वाटेनं. पाइपाच्या तोंडाशी ही निवटी, चिखलात राहणारा मासा, बसली आहे, पाणी आलं की उडी मारून आत. इथे राडारोडा पडला की तळं सुकतं. बाहेर जायची वाट बुजली तर पाणी साठून खोल होतं. दोन्हीकडून उभं राहायला जागा नाही. 2024 च्या उन्हाळ्यात याच भागातल्या एका तलावात भरतीचं पाणी यायचं थांबलं, तलाव कोरडा पडला, काही फ्लेमिंगो मेले.

(दृश्य: खारघरच्या टेकड्यांचा पायथा. वाळायला लागलेलं गवत, वर चतुरांचे थवे.)

खाडीपासून थोडं आत. पाऊस सरला की चतुर असे आभाळभर होतात. 2009 मध्ये मालदीवमधल्या निरीक्षणांवरून सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि किडे खाणारे काही पक्षीही त्याच सुमाराला त्याच दिशेनं निघतात.

(दृश्य: विजेची तार. निळा पक्षी.)

त्यातलाच हा एक. दसऱ्याला नीलपंख दिसला तर शुभ मानतात, आणि त्याच दिवसांत त्याचा हा काश्मिरी भाऊबंद इथून जातो. आपल्याकडच्याची छाती तांबूस तपकिरी; याचं डोकं, छाती, पोट सगळं फिकट निळं. खात्री उडाल्यावर होते.

(दृश्य: पक्षी झेप घेतो. संथ गतीत.)

पंखांची मागची पिसं काळी. आपल्या नीलपंखाला तिथे झळझळीत निळा पट्टा असतो. चतुर पकडला, परत तारेवर.

काश्मीर, मध्य आशिया, आणि इथून पुढे आफ्रिका. लाल पाठीचा खाटीकही याच वाटेनं जातो. वसंतात परतताना मात्र हे बहुतेक अरबस्तानावरून वळसा घेतात, आपल्याकडे फिरकत नाहीत. त्यामुळे पाहायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरातच.

नोव्हेंबरनंतर फ्लेमिंगो यायला लागतील, ऐरोलीच्या बोटींना गर्दी होईल. त्या बोटीही भरतीची वेळ बघूनच सुटतात. टिलव्यांसाठी पुढची त्रयोदशी पंधरा दिवसांनी आहे. पावणेनऊपर्यंत काठावर या, पांढरे कपडे घालू नका, आणि तळ्याच्या बांधावर चढू नका.