ऐक्य: सौंदत्तीपासून कूडलसंगमापर्यंत

हा सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. पौर्णिमेची जत्रा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या, बैलहोंगल-गोकाककडच्या बैलगाड्या, कपाळभर भंडारा. ‘उदो उदो’चा गजर मराठी माणसाचाही तोच, कानडी माणसाचाही तोच. वाटतं, माणसं एक झाली. पण जत्रा पांगते आणि जो तो पुन्हा आपापल्या गावचा होतो. असं जमणं ही ऐक्याची पहिली अवस्था. ती मोलाची आहे, पण पुरी नाही.

मग पुरतं एक होणं म्हणजे काय? जीव देवाशी एक होतो का, कसा, यावर कर्नाटकात शतकानुशतकं खल झाला. शृंगेरी शंकराचार्यांच्या परंपरेची. जीव आणि ब्रह्म कधी दोन नव्हतेच, दोनपण हा भास, असं ती मानते. मेलुकोटेत राहिलेले रामानुजाचार्य म्हणतात, जीव खरा, जगही खरं. शरीर आत्म्याच्या आधारानं असावं, तसं हे सगळं ईश्वराच्या आधारानं आहे. उडुपीचे मध्वाचार्य ठामपणे सांगतात की जीव आणि देव यांच्यातला भेद मोक्षातही उरतो.

या सगळ्यात मला बाराव्या शतकातल्या शरणांचा, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या वाटेनं गेलेल्या शिवभक्तांचा, विचार फार जवळचा वाटतो, कारण त्यांनी ऐक्याकडं जाणारी वाट टप्प्याटप्प्यानं उलगडून दाखवली. तिला षट्स्थल, म्हणजे सहा पायऱ्या, म्हणतात. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि शेवटी ऐक्य. दर स्थलाला भक्तीचा रंग पालटतो. भक्ताजवळ श्रद्धा असते, महेशाजवळ तिची निष्ठा होते. प्रसादीजवळ अवधान, म्हणजे वाट्याला आलेलं सारं देवाचा प्रसाद म्हणून जागेपणानं घेणं. प्राणलिंगीला अनुभाव, म्हणजे देवाचा आतला अनुभव, शरणाला आनंद आणि ऐक्याला समरस, म्हणजे देवाशी एकरस होणं.

अशी वाट नदीचीही असते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीजवळून वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. बसवण्णांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, तिथंच आहे.

नीट बघा, सहाव्या स्थलावरही शरण भक्तीला निरोप देत नाहीत. समरस हीसुद्धा भक्तीच! पुढच्या शतकात ज्ञानदेव मराठीत याच ठिकाणी पोचतात. ‘अमृतानुभवा’त ते विचारतात: एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, मग अद्वैतात भक्तीचा व्यवहार का होऊ नये?

उलट बाजूनं पुरंदरदास येतात. ते मध्वमताचे, म्हणजे भेद मानणारे. त्यांच्या कानडी पदांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. ज्ञानदेवांना मानणारा वारकरीही त्याच विठ्ठलाचा. बेळगाव भागात हरिपाठ म्हणणारी घरं आहेत आणि दासांची पदं गाणारीही. जीव देवाशी एक होतो की त्याच्यापुढं हात जोडून उभाच राहतो, यावर त्यांचं एकमत झालेलं नाही. पंढरपूरला मात्र दोघंही जातात.