सांगोल्याचे आबासाहेब : एका मतदारसंघातली पन्नास वर्षे

श्रोतेहो, नमस्कार.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचा निकाल १९२ मतांनी लागला. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, म्हणजेच आबासाहेब, पडले आणि काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील निवडून आले. गणपतराव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते, सात वेळा आमदार झालेले होते, मंत्रिपद आणि विरोधी पक्षनेतेपद ही दोन्ही पदे त्यांनी भूषवलेली होती. आता घरी बसतो असे ते म्हणाले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. ते १९९९ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. त्यानंतर २००४, २००९ आणि २०१४ अशा आणखी तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. शेवटची जिंकली तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि मताधिक्य २५ हजारांच्या आसपास होते.

गणपतरावांचा विषय निघाला की पहिली गोष्ट एस.टी.ची निघते. एस.टी.च्या गाडीत आमदारांसाठी राखीव म्हणून रंगवलेली आसने आपण पाहिली असतील. बहुतेक प्रवासात त्यांवर तुम्ही-आम्हीच बसतो, कारण ज्यांच्यासाठी ती राखली आहेत ते मोटारीने जातात. गणपतराव त्या आसनावर खरोखर बसत. ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगणाऱ्यांचे प्रेमही खरे आहे, पण मला तिचा थोडा कंटाळा येतो. साधेपणाने राहणारी माणसे महाराष्ट्राच्या राजकारणात आणखीही होऊन गेली आणि त्यांतली बरीच एकदोन निवडणुकांनंतर विस्मरणात गेली. सांगोल्याच्या लोकांनी एका माणसाला अकरा वेळा मुंबईला पाठवले ते तो एस.टी.ने जातो म्हणून पाठवले नसावे. तो तिथे जाऊन काय करत होता, हे पाहिले पाहिजे.

मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे गाव. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोला ही कर्मभूमी निवडली आणि १९६२ मध्ये ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि सभागृहात काँग्रेसचे इतके बळ होते की अवघ्या १५ आमदारांचा शेतकरी कामगार पक्ष प्रमुख विरोधी पक्ष ठरला होता. या पक्षातून काँग्रेसमध्ये जाणाऱ्यांची वाट तोवर चांगली मळलेली होती. पक्ष उभारणारे शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे हेच काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले होते, आणि यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात अशा परतणाऱ्यांना मानाची जागा होती. गणपतराव त्या वाटेने गेले नाहीत. अकराही वेळा ते एकाच पक्षाचे आमदार होते, आणि त्या अकरा विजयांच्या काळात पक्ष मात्र लहान लहान होत गेला. २०१४ मध्ये त्याचे अवघे तीन आमदार निवडून आले. निष्ठेचे कौतुक करताना हा हिशेबही नजरेआड करू नये.

१९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९७२ मध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून पराभूत झाले आणि त्यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत परत सभागृहात आले. तिथून १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० हे सलग विजय. दुसऱ्या विधानसभेपासून तेराव्या विधानसभेपर्यंत, नववी सोडली तर, प्रत्येक विधानसभेचे ते कधी ना कधी सदस्य होते. कुलाब्याच्या जुन्या विधान भवनात त्यांनी कामाला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या इमारतीत गेले तेव्हा तेही तिथे गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात असते तरी काय? बदल्या त्याच्या हातात नसतात आणि निधीवाटपाच्या वेळी तो रांगेत मागे असतो. त्याच्याकडे असतो तो विधानसभेचा नियमसंग्रह. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, छापील यादी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिची भाषा आठवेल. अमुक गावच्या पाझर तलावाचे काम रखडले आहे, ‘हे खरे आहे काय’. असल्यास, चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराच्या बाजूला मंत्र्यांच्या नावे छापलेले असते, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागापुढे ठरलेले, ‘प्रश्न उद्भवत नाही’. नवखा आमदार या उत्तरावर गप्प बसतो. मुरलेला आमदार उपप्रश्न विचारतो, की अंशतः म्हणजे नेमके किती आणि उरलेला अंश कोणाच्या टेबलावर आहे; तेवढ्याने भागले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागतो, लक्षवेधी सूचना देतो, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना लावतो आणि अधिवेशन संपले की दिलेल्या आश्वासनाचे काय झाले म्हणून आश्वासन समितीच्या मागे लागतो. एका पाझर तलावाचा असा पाठपुरावा कधी चार अधिवेशने चालतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी क्वचितच होते, पण ज्या गावचा तो तलाव असतो त्या गावाला तो विसरता येत नाही. गणपतराव या जातकुळीचे आमदार होते, आवाजापेक्षा कागदावर भिस्त ठेवणारे. त्यांच्यापाशी विषय एकच होता आणि तो पाणी हा होता.

सांगोला तालुक्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, तोही लहरीने. माण नदी तालुक्यातून वाहते असे नकाशात दिसते. प्रत्यक्षात वर्षाचे बरेच महिने ती वाळूचीच असते. खिलार जनावरे, मेंढरे, ज्वारी-बाजरी आणि अलीकडच्या काळात डाळिंब यांवर जगणारा हा मुलूख आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी दावणीची जनावरे सोडून चारा छावण्यांत नेऊन बांधली. त्या बाहत्तरच्या दुष्काळातूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सांगोल्याच्या आमदाराला दुष्काळ हा भाषणाचा विषय म्हणून शोधावा लागत नव्हता.

कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ते मे २००० पर्यंत अडवून वापरात आणायचे होते. प्रश्न असा होता की कोणी वापरायचे? नदीकाठच्या उसाने, की पठारावरच्या ज्वारीने? वाळव्याचे क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांनी नव्वदच्या दशकात आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, त्यात श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर होते आणि गणपतरावही होते. आटपाडी, सांगोला, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव असे तेरा तालुके या चळवळीत एकत्र आले. पाणी जमिनीच्या आकारावर न देता प्रत्येक कुटुंबाला समान न्यायाने द्यावे, ही त्या परिषदेची मागणी त्या काळी पुष्कळांना भाबडी वाटली होती. ती मुळीच भाबडी नव्हती, असे मला वाटते. जिथे पाणी कमी असते तिथे वाटपाचा नियम आधी ठरला नाही तर वरच्या अंगाचा शेतकरी सगळे पाणी पितो, हे ओढ्याकाठच्या कोणालाही माहीत असते.

कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बंधारा बांधून, तिथून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून पूर्वेकडच्या दुष्काळी पठारावर नेण्याच्या योजनेचे काम १९९६ च्या सुमारास सुरू झाले. त्यातले पाणी सांगोल्याच्या बुद्धेहाळ तलावात आणि माण नदीत पडायला पुढे किती वर्षे लागली, हे तिथल्या लोकांनी मोजलेले आहे. आधी उपसा, मग कालव्याचा एखादा तुकडा, मग भूसंपादन, मग वीजबिल कोणी भरायचे याचा वाद, अशा क्रमाने एकेक अडचण पुढे येत गेली. नीरेचा उजवा कालवा आणि उजनीचे पाणी यांचीही कथा फार वेगळी नाही. पिण्याच्या पाण्यासाठी ८१ गावांची शिरभावी योजना झाली, तिचा आधार मोठा ठरला. पन्नास वर्षे आमदार असूनही तालुका तहानलेला कसा राहिला, असा टोला त्यांचे विरोधक प्रत्येक निवडणुकीत मारत. तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. मात्र त्यांतली बहुतेक वर्षे ते सत्तेबाहेर होते, आणि पाणी आणण्याच्या किल्ल्या नदीकाठच्या तालुक्यांतील नेत्यांच्या कमरेला होत्या, हेही त्यासोबत सांगावे लागते.

सूतगिरणीची गोष्ट मला अधिक सांगावीशी वाटते. पश्चिम महाराष्ट्रात पुढाऱ्याने साखर कारखाना काढायचा ही रीतच होती. सांगोल्यातही साखर कारखाना निघाला, आणि ज्या तालुक्यात ऊसच बेताचा तिथे तो कित्येक हंगाम बंद राहिला. गणपतरावांनी जी संस्था जीव लावून चालवली ती शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी होती. कापसाचे आगर म्हणून सांगोल्याला कोणी ओळखत नाही. पण उसाला शेतात पाणी लागते आणि तो तोडल्यावर लगेच गाळावा लागतो. कापसाच्या गाठी दूरच्या मुलखातून मालमोटारीने येऊ शकतात, आणि चात्यांवर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांवर, उभे राहायला पाऊस लागत नाही. अवर्षणग्रस्त गावातल्या मुलाला बारमाही पगार मिळेल असा उद्योग निवडण्याची ही नजर होती. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या अवसायनात निघाल्या असताना ही गिरणी नीट चालली, आणि चांगल्या सहकाराचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले.

सत्तेत ते दोनदा गेले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. १९७७-७८ मध्ये काही महिने ते विधानसभेतील विरोधी पक्षनेतेही होते. ही पदे त्यांच्या कारकिर्दीत येऊन गेली इतकेच; सांगोल्यात त्यांना ‘मंत्रीसाहेब’ म्हणून कोणी ओळखत नसे, आबासाहेब म्हणूनच ओळखत.

इथे एक दुरुस्ती करून ठेवतो. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम गणपतरावांच्या नावावर आहे, असे वारंवार छापले जाते. महाराष्ट्रात त्यांची बरोबरी कोणी केलेली नाही हे निर्विवाद. परंतु केरळात के. एम. मणी हे पाला मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा आणि ओमन चंडी हे पुदुप्पळ्ळीतून बारा वेळा निवडून आले. तामिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, तेही मतदारसंघ बदलून, पण एकदाही न हरता. गणपतराव दोनदा हरले. दोन्ही वेळा हरल्यावर त्याच पक्षाकडून, त्याच मतदारांपुढे ते पुन्हा गेले. मला तरी ती गोष्ट अकरा या आकड्याहून अधिक वजनाची वाटते.

२०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांनी निवडणूक लढवली आणि ७६८ मतांनी ते हरले. जिंकले ते पुन्हा शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेकडून. ज्या नेत्याने घराण्याच्या जोरावर काही मिळवले नव्हते त्याच्या जागी घरातलाच उमेदवार का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. कार्यकर्ते घराच्या आग्रहाला बांधलेले राहिले, दुसरी फळी उभी राहिली नाही, हे त्यांच्या राजकारणातले उणे आहे. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते चौऱ्याण्णव वर्षांचे होते.

२०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून शहाजीबापूंचा पराभव करून निवडून आले. आजच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे ते एकमेव आमदार आहेत.