बंपर कुणाला वाचवतो?

[दृश्य : गाडीचा पुढचा भाग, अगदी जवळून. कुणीतरी अंगठ्यानं बंपर दाबतं. प्लॅस्टिक आत जातं आणि अंगठा काढताच पुन्हा जागेवर येतं.]

इतका मऊ. जुन्या गाड्या चालवलेली माणसं यावर टिचकी मारतात आणि मान हलवतात. आमच्या वेळचा बंपर म्हणजे लोखंड होतं लोखंड, आता नुसतं प्लॅस्टिक! ही तक्रार आपण सगळ्यांनीच ऐकली आहे, कदाचित केलीही आहे. पण या मऊपणामागे शंभराहून अधिक वर्षांचा एक वाद आहे. धडक बसली तर बंपरनं वाचवायचं कुणाला?

[दृश्य : जुनी छायाचित्रं. उघडे दिवे, उभा रेडिएटर, सायकलसारखी चाकं.]

सुरुवातीच्या मोटारींना बंपर नव्हताच. सगळ्यात नाजूक वस्तू सगळ्यात पुढे, रेडिएटर आणि दिवे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी १९०५ मध्ये सिम्स-वेलबेक गाडीला हवा भरलेल्या रबराचा बंपर बसवला. म्हणजे बंपरची गोष्ट सुरू झाली तीच मऊ रबरापासून! पण ती वाट पुढे कुणी धरली नाही. पोलादी पट्ट्या आल्या. गाडी घ्यायची आणि बंपर वेगळे पैसे देऊन बसवून घ्यायचा, असा तो काळ. मग त्यावर क्रोमचा मुलामा चढला, आणि बंपर गाडीचा दागिना झाला.

[दृश्य : १९५० च्या दशकातली कॅडिलॅक. क्रोममध्ये आकाशाचं प्रतिबिंब.]

हा आरसा बघत राहावा असाच आहे. समोर दोन मोठे शंकू, गाडीच्या रुंदीइतका वळवलेला पत्रा. पण मागे वाकून बघितलं, तर तो जाड ब्रॅकेटांनी थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आवळलेला असायचा. धक्का शोषून घ्यायला मध्ये फारसं काही नाही. ठोकर बसली की ती चेसिसपर्यंत पोचायची. आणि समोर माणूस आला, तर त्याच्या वाट्याला सरळ ते पोलाद यायचं. बंपर मजबूत होता, यात शंकाच नाही. पण ती मजबुती कुणाच्या कामाची होती, हे त्या काळात फारसं कुणी विचारलं नाही.

[दृश्य : गाडी हळूहळू एका भिंतीकडे सरकते. आदळते. दिवा फुटतो.]

प्रश्न विचारला गेला तो पैशांवरून. पार्किंगमध्ये माणसाच्या चालीनं लागलेली ठोकर, आणि दिवा, ग्रिल, बॉनेट सगळंच गेलं! ही बिलं विमा कंपन्यांना आणि गाडीमालकांना जड जाऊ लागली. अमेरिकेनं १९७३ च्या मॉडेलांपासून नियम लागू केला. गाडी ताशी ५ मैल, म्हणजे साधारण ८ किलोमीटर वेगानं समोरून भिंतीवर आदळली, तरी दिवे, इंधनाची टाकी, रेडिएटर यांना धक्का लागता कामा नये. मागच्या बाजूला आधी अडीच मैल, पुढच्याच वर्षी तिथंही पाच. शिवाय बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात हवा, म्हणजे दोन गाड्या भिडल्या तर बंपरला बंपरच लागेल.

हेतू चांगला होता. परिणाम मात्र डोळ्यांना खुपले. नाजूक बांध्याच्या गाड्यांपुढे ओट्यासारखे बंपर आले. एमजीबी या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला १९७४ मध्ये काळे जाड रबरी बंपर बसवले, आणि उंचीचा नियम पाळायला अख्खी गाडीच वर उचलली. बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी गाडी वळणावर कलायला लागली.

[दृश्य : पोर्शे ९११, १९७४. बंपरच्या कडेला काळ्या रबराच्या घड्या. कॅमेरा त्या घड्यांवर थांबतो.]

पण हे बघा. त्याच वर्षीच्या पोर्शे ९११ वर बंपर आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत बाजाच्या भात्यासारख्या रबरी घड्या आहेत. धक्का बसला की ॲल्युमिनियमचा बंपर मागे सरकतो आणि घड्या मिटतात. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना आत हायड्रॉलिक डँपर, म्हणजे धक्का शोषणारी तेलाची नळकांडी, असल्यानं बंपर पुन्हा पुढे यायचा. इतरत्र चेपणाऱ्या नळ्या होत्या, त्या एकदा चेपल्या की बदलायच्या. नियम तोच, पण जीव ओतून पाळला की असं काम होतं.

युरोपात दुसरीच वाट निघाली. १९७२ ची रेनॉ ५ ही छोटी गाडी दाटीवाटीच्या पार्किंगसाठीच जन्माला आली होती. तिला क्रोमची पट्टी नव्हतीच. दोन्ही टोकांना करड्या प्लॅस्टिकचे रुंद बंपर, बॉडीच्याच आकारात मिसळून गेलेले. किरकोळ घासाघासीनं त्याला पोचा पडायचा नाही. त्याआधी अमेरिकेत १९६८ च्या पाँटियाक जीटीओनं गाडीच्याच रंगाचा लवचिक बंपर आणला होता. आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक गाडी या दोघींची नात आहे.

अमेरिकेचा पाच मैलांचा नियम १९८३ च्या मॉडेलांसाठी अडीचवर आला. वजन, इंधन आणि खर्च यांचा हिशेब त्यामागे होता. पिकअप आणि एसयूव्ही तर आधीपासूनच त्या नियमाबाहेर. ही सूट मला मोठी चूक वाटते. उंच गाडीचा बंपर समोरच्या छोट्या गाडीच्या बंपरच्या वरूनच जातो आणि थेट दिव्यांवर, बॉनेटवर बसतो. दोघांचेही बंपर शाबूत आणि गाडीचं तोंड चेचलेलं!

[दृश्य : वर्कशॉप. मेकॅनिक एकेक क्लिप काढतो, टक्, टक्. कव्हर दोन हातांत अलगद सुटून येतं.]

आता आत बघू. ज्याला आपण बंपर म्हणतो, ते हे कव्हर. पॉलिप्रॉपिलीनचं, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं. त्याच्या मागे थर्मोकोलसारखा दिसणारा, पण दाबून सोडला की पुन्हा फुगणारा फोम. त्याच्या मागे पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची आडवी तुळई. आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन चौकोनी डबे, धडकेत घडी होऊन चेपण्यासाठीच बनवलेले. म्हणजे लोखंड गेलेलं नाही, ते आत गेलं आहे. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला ती ८ किलोमीटरच्या पंचवीसपट! तिथं कुठलाच बंपर एकटा पुरत नाही. त्या धडकेत चेपायचं काम बंपरमागच्या, गाडीच्या पुढच्या भागातल्या सांगाड्याचं असतं.

[दृश्य : चाचणीगृह. फोमनं गुंडाळलेला कृत्रिम पाय, मध्ये गुडघ्याचा सांधा. यंत्र तो गाडीकडे फेकतं. संथ गतीत.]

हा पाय नीट बघा. रस्ता ओलांडणाऱ्या मोठ्या माणसाला गाडी धडकते, तेव्हा सगळ्यात आधी लागतो तो बंपर, आणि लागतो गुडघ्याच्या आसपास, बाजूनं. आपला गुडघा मागे दुमडतो, बाजूला दुमडायला तो बनलेलाच नाही. अस्थिबंध तुटतात, नडगी मोडते. जीव वाचला, तरी कधीकधी पुन्हा धड चालणं होत नाही, अशी ही दुखापत.

गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं १९९७ पासून पादचाऱ्यांसाठीच्या चाचण्या सुरू केल्या. युरोपीय कायदा २००३ मध्ये आला, २००९ मध्ये अधिक कडक झाला. २००९ च्या त्या नियमात पाय ताशी ४० किलोमीटरनं गाडीवर फेकायचा, आणि गुडघा बाजूला १९ अंशांपेक्षा जास्त वाकता कामा नये, अशी अट होती.

[दृश्य : तोच क्षण पुन्हा, आणखी संथ. पाय फोममध्ये रुततो.]

इथं डिझायनरची खरी कसोटी लागते. पार्किंगमधल्या ठोकरीसाठी बंपर टणक हवा. पायासाठी मऊ हवा, आणि मागे चेपायला जागा हवी. म्हणून नाक फुगीर झालं, फोम जाड झाला. आणि खाली जमिनीलगत एक कडक पट्टी आली. अनेकांना ती नुसती स्पोर्टी दिसते. तिचं काम असं, की नडगीला खालून आधार मिळावा आणि पाय गुडघ्यात न मोडता अखंड उचलला जावा. कव्हर तडकलं म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य एकदा तरी दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य : सुटून आलेलं कव्हर उलटं ठेवलेलं. आतून गेलेल्या वायरी, गोल सेन्सर.]

आणि आता बंपर बघायलाही लागला आहे. हे गोल बटणासारखे पार्किंग सेन्सर. मधे, कव्हरच्या मागे, रडार. समोर माणूस दिसला की काही गाड्या स्वतःच ब्रेक लावतात, कधी कॅमेऱ्यानं, कधी रडारनं, कधी दोन्ही मिळून. रडारच्या लहरी या प्लॅस्टिकमधून आणि त्यावरच्या रंगातून आरपार जातात. म्हणून त्या जागी पुट्टी भरायची नसते, रंगाचा जाड थर द्यायचा नसतो. कव्हर पुन्हा चढवलं, क्लिपा बसल्या, तरी काम संपत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, समोर ठरलेल्या अंतरावर फलक ठेवायचा, आणि रडारची नजर पुन्हा सरळ रेषेत आणायची.

[दृश्य : मेकॅनिक फलक इंचभर डावीकडे सरकवतो. पडद्यावरचा आकडा स्थिर होतो.]