दव पडत नाही

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'उघड्यावर ठेवलेल्या दुर्बिणीची काळजी' असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एक साधा प्रश्न विचारतो. रात्रभर आकाश पाहून पहाटे तुम्ही दुर्बिणीच्या नळीवर हात फिरवता आणि तळहात ओला होतो. मग घरी जाऊन काय सांगता? "काल फार दव पडलं." बरोबर ना? पाऊस पडतो, गारा पडतात, धुकं पडतं, तसं दवही पडतं, असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. माझं म्हणणं असं की यातलं क्रियापद चुकीचं आहे. आणि या एका क्रियापदापायी मी एक चांगला आरसा गमावला, म्हणून त्यावर जरा वेळ घेणार आहे.

दव वरून येत नाही. ते जिथे दिसतं तिथेच तयार होतं. हवेत पाण्याची वाफ असते आणि ती किती मावेल हे तापमानावर ठरतं. तीस अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत फार तर 30 ग्रॅम वाफ मावते, वीस अंशांना 17 ग्रॅम, दहा अंशांना साडेनऊ ग्रॅमसुद्धा नाही. संध्याकाळनंतर हवा निवत जाते, तशी ही जागा कमी होते, आणि एका तापमानाला ती पूर्ण भरते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. गंमत बघा, पानावरच्या थेंबालाही आपण दवबिंदू म्हणतो आणि तापमानालाही. त्यामुळे 'आज दवबिंदू सतरा आहे' असं म्हटलं की नवीन माणूस थेंब मोजायला जातो!

आता खरी गोष्ट. हवा दवबिंदूपर्यंत पोचलेलीही नसते, आणि तरी दुर्बीण ओली होते. का? कारण दुर्बीण हवेपेक्षा थंड झालेली असते. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते. भिंतीसमोर असलात तर भिंत तुम्हाला तितकीच परत देते. निरभ्र आकाश मात्र घेतं भरपूर आणि देतं फार थोडं. गवत आकाशाकडे उघडं असतं, तुमची नळी आकाशाकडे उघडी असते, आणि भिंगाचं तर कामच आकाशाकडे बघणं हे आहे. म्हणून ही मंडळी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली उतरतात आणि हवेचा दवबिंदू हवेच्या आधी गाठतात.

हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने. दवावरचा त्याचा निबंध 1814 सालचा. मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याची साधनं होती लोकरीचे पुंजके, तराजू आणि थर्मामीटर. रात्री पुंजके उघड्यावर ठेवायचे आणि मग वजन करून किती पाणी धरलं ते पाहायचं. त्याचा एक प्रयोग तर मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. गवतात चार काठ्या रोवल्या आणि वीतभर उंचीवर पातळ हातरुमाल ताणून बांधला. खालचं गवत उघड्या गवतापेक्षा उबदार राहिलं. हातरुमाल! त्याने कोणता पाऊस अडवला? बाजू तर सगळ्या मोकळ्या होत्या. त्याने फक्त गवत आणि आकाश यांची नजरानजर थांबवली. रात्री कोवळ्या रोपांवर पातळ चटया घालणाऱ्या माळ्यांना आधी आपण हसायचो, हेही वेल्सने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

आता माझ्या आरशाची हकिकत.

आठ इंची न्यूटोनियन होती, म्हणजे नळीच्या तळाशी मोठा आरसा असलेली दुर्बीण. रोज आत-बाहेर करायला जड, आणि प्रत्येक वेळी तिचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी जुळवण्यात अर्धा तास जायचा. म्हणून अंगणात काँक्रीटचा खांब ओतला आणि दुर्बीण कायमची त्यावर बसवली. चार-सहा महिने सुखात गेले. झाकण काढलं की पाच मिनिटांत शनी दिसायचा. मग पाऊस जवळ आला. माझ्या डोक्यात एकच विचार, पाणी वरून पडतं. दवही पडतं, पाऊसही पडतो, म्हणजे वरून बंदोबस्त करायचा. मिळाली त्यातली सर्वांत जाड ताडपत्री आणली, दुहेरी घातली, जमिनीपर्यंत सोडली आणि खालून दोरीने आवळली. वारासुद्धा शिरणार नाही अशी गाठ मारली आणि त्या गाठीचा मला अभिमान वाटला. धो-धो पावसात खिडकीतून बघायचो, पाणी कसं सरसर ओघळून जातंय, आणि निर्धास्त झोपायचो.

अडीच महिने ती गाठ मी सोडली नाही.

सोडली तेव्हा आधी वास आला. दमट, कुबट, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीसारखा. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते, बोट लावलं की धार लागायची. काउंटरवेटच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाच्या दांड्यावर तांबूस गंजाची साय. प्रतिमा स्पष्ट करायचा फोकसर फिरवला तर कुरकुरला. फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. मी टॉर्च घेतला आणि नळीच्या तोंडातून तिरका प्रकाश आत टाकला. आरशाच्या कडेपासून मध्याकडे पांढुरके तंतू निघाले होते, फाटे फुटत फुटत, झाडाच्या बारीक मुळ्यांसारखे. बुरशी. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसलो.

आरसा काढला. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे दोन थेंब, आणि ओला कापूस नुसत्या त्याच्या वजनाने वरून ओढायचा, दाब द्यायचा नाही. तंतू निघून गेले. खुणा राहिल्या. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते आरशाचा चकचकीत लेप खातं, वेळ मिळाला तर काचसुद्धा खातं. ॲल्युमिनियमच्या त्या लेपाची जाडी असते मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग. खायला वेळ कितीसा लागणार?

पुढचे कित्येक दिवस मी ताडपत्रीत भोक शोधत होतो. उजेडासमोर धरून इंच न् इंच तपासली. एकही भोक नव्हतं. पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. मग पाणी आलं कुठून? खालून. दुर्बिणीखाली उघडी माती होती आणि खांबाचं काँक्रीटही फार जुनं नव्हतं. दिवसा ऊन पडलं की तंबू तापायचा, मातीतली ओल वाफ होऊन आत कोंडायची. रात्री ताडपत्री आकाशाकडे बघत थंड पडायची आणि तीच वाफ पाणी होऊन आत टपकायची. सकाळी तर त्याहून वाईट. हवा झटपट तापायची, दमट व्हायची, पण जाड काचेचा आरसा तासन् तास रात्रीइतकाच गार, की त्याच्यावर पाणी धरलंच. रोज एक फेरी, अडीच महिने. मी दुर्बिणीला छत्री दिली असं समजत होतो, दिली होती भट्टीवरची ऊर्ध्वपातनाची कढई.

माझा राग आहे तो इथे. नंतर मी पैसे मोजून तयार आवरणही घेतलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' आणि 'सर्व ऋतूंसाठी'. हवा खेळायला जागा एक नव्हती. आत शिरणाऱ्या पाण्याबद्दल सगळे बोलतात, आत अडकणाऱ्या पाण्याबद्दल त्या माहितीपत्रकात एक ओळ नव्हती. नवीन माणूस विश्वासाने घेतो आणि वर्षभरात त्याची दुर्बीण आंधळी होते. याची चीड येते मला, अजून येते.

आणि हे दुखणं जुनं आहे. विल्यम हर्शेलची चाळीस फुटी दुर्बीण 1789 साली इंग्लंडमध्ये स्लाउला उभी राहिली, उघड्यावर, प्रचंड लाकडी सांगाड्यात. आरसा 48 इंची, काचेचा नव्हे, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा. दमट हवेत तो काळवंडायचा. काळवंडला की पुन्हा पॉलिश. आणि धातूचा आरसा पॉलिश करणं म्हणजे नुसतं चकाकवणं नव्हे, त्याचा वक्र पुन्हा घडवणं. म्हणून एक दुर्बिणीत असताना दुसरा घासता यावा असे दोन आरसे केलेले होते. पुढे लाकूड कुजलं. मुलगा जॉन हर्शेलने सांगाडा उतरवला आणि 1839 च्या शेवटच्या रात्री सगळं कुटुंब त्या आडव्या लोखंडी नळीत बसून तिच्या निरोपाचं गाणं गायलं. बुरशीचा आरसा हातात घेऊन बसलो होतो तेव्हा मला ती नळीतली मंडळी आठवत होती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. ठीक आहे, आता भराभर सांगतो. लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

मुख्य मुद्दा ऊब. बाहेर 20 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 95 टक्के असेल, म्हणजे मावेल त्याच्या 95 टक्के वाफ हवेत असेल, आणि आवरणाखाली तुम्ही फक्त पाच अंश जास्त ठेवलेत, तर आतली आर्द्रता सत्तरच्या आसपास येते. वाफ तितकीच, मावायला जागा जास्त. बुरशीला सत्तरच्या वर आर्द्रता बराच काळ हवी असते. काचेवर पाणी धरण्याचा प्रश्न तर पाच अंशांत मिटतोच. यासाठी शेगडी नको. 330 ओहमचे, एक वॅट क्षमतेचे दहा रेझिस्टर समांतर जोडा आणि बारा व्होल्ट द्या, सुमारे साडेचार वॅट मिळतात. एक असा पट्टा आरशामागे, एक माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या डोक्याजवळ. आवरणाला आतून उष्णतारोधक थर असेल तर एवढ्यावरही फरक जाणवतो, कमी पडलं तर आणखी एक पट्टा. आत तापमान आणि आर्द्रता दाखवणारा थर्मामीटर-हायग्रोमीटर टांगा आणि आकडा बघून ठरवा, अंदाजाने नको. कापडाजवळ दिव्याचा बल्ब मात्र कधी ठेवू नका, आग लागते.

आवरण बाहेरून चंदेरी हवं म्हणजे उन्हात तापत नाही, आतून वाफ बाहेर जाऊ देणारं कापड असेल तर उत्तम. खाली मोकळं सोडा, जमिनीपासून वीतभर वर. वर वळचणीखाली जाळी लावलेली हवेची वाट ठेवा, म्हणजे कोळी आणि गांधीलमाश्याही बाहेर राहतील. वाऱ्यासाठी पट्ट्याने खांबाला बांधा, पण गळा आवळू नका. दुर्बिणीखाली गवत आणि माती नको, प्लास्टिक पसरून वर खडी टाका. नवीन खांब पूर्ण वाळेपर्यंत थांबा. नळी आडवी करून, तोंड किंचित खाली झुकवून ठेवा.

निरीक्षणाच्या वेळी वेल्सचा रुमाल आठवा. ड्यू शील्ड म्हणजे तोच रुमाल, नळीच्या तोंडाभोवती गुंडाळलेला. भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांब, आतून काळा. श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या दुर्बिणीला तो हवाच, कारण तिची करेक्टर प्लेट, म्हणजे पुढची पातळ काच, अगदी तोंडाशी असते. न्यूटोनियनचा मोठा आरसा नळीच्या तळाशी असल्याने त्याला नळीच सांभाळते, तिथे आधी धुरकट होतो तो छोटा, दुय्यम आरसा. शील्ड पुरलं नाही तर हीटरचा पट्टा, आणि तो दव धरायच्या आधीपासून, अगदी मंद. जास्त तापवलंत तर तारे थरथरतात. धरलेलं दव पुसायचं नाही, त्यात धूळ असते, ओरखडे पडतात.

ओल्या भिंगावर झाकण लावून झोपायला जाऊ नका, ही तर बुरशीला दिलेली खोली. आधी सुकवा. मात्र दिवसा झाकण विसरूही नका, ऊन आत शिरलं तर आग लागू शकते. सिलिका जेल फक्त घट्ट बंद जागेत काम करतं, आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगांच्या पेटीत, झाकणं लावलेल्या नळीत. हवेशीर आवरणाखाली ते टांगणं म्हणजे साऱ्या आकाशाची वाफ ओढायला बसणं. रंग बदलला की साधारण 120 अंशांवर भाजून पुन्हा वापरा. केबल जोडणीला येण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब वळणावरून गळून जाईल. विजा चमकू लागल्या की सगळ्या तारा काढा, अगदी हीटरचीसुद्धा. आणि दर पंधरा दिवसांनी, आकाश ढगाळ असलं तरी, आवरण उघडून एकदा वारा लागू द्या. मी अडीच महिने उघडलं नव्हतं.

माउंटच्या ग्रीसबद्दल आणि गंजाबद्दल बोलायचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत विचारा. तो जुना आरसा मी सोबत आणला आहे, इथे टेबलावर ठेवतो. सरळ पाहिलात तर काही दिसणार नाही, स्वच्छ वाटेल. टॉर्च कडेला तिरका धरा, मग ते तंतू कुठून कुठे गेले ते दिसेल. रांगेने या, आणि कृपा करून बोट लावू नका, त्यावर नवा लेप चढवायचा आहे.